सासूबाईंचा कमोड, वन्संचा हिस्सा आणि पितांबरीची डबी

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मूळची सातारची, गेली अकरा वर्षं फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ राहते, नवरा फ्रेंच. सासूबाईंना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या खोलीत एक तीन खणांचं बुटकं कपाट आहे, पोट पुढे आलेलं, वर लालसर संगमरवर, कोपऱ्यांना आणि कड्यांना सोनेरी ब्राँझची पानंफुलं. फ्रेंचमध्ये त्याला कमोड म्हणतात. (हिच्या आईने व्हिडिओ कॉलवर "सासूने तुला कमोड दिला?" म्हणून डोक्याला हात लावला.) शेवटच्या आजारपणात सासूबाई हिला "हे तुझं" म्हणाल्या होत्या, पण लिहून काहीच नाही. वन्संचं म्हणणं, हा फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या काळातला अस्सल आहे, वर्सायच्या राजवाड्यातून आलाय, लाखभर युरोला जाईल, विका आणि अर्धे द्या. बाकीचं सामान बघायला आलेला एक जुन्या सामानाचा व्यापारी म्हणाला, नकली आहे, पण 900 युरो रोख देतो, आज नेतो. या गोंधळात हिने काळी पडलेली एक कडी स्क्रू काढून, भारतातून आणलेली पितांबरी लावून घासली. समईसारखी लखलखली. नवऱ्याने बघितलं आणि काही न बोलता बाहेर निघून गेला. आता प्रश्न तीन: बाकीच्या कड्या पण घासू का म्हणजे सगळं सारखं दिसेल? नकलीच असेल तर ठेवून काय करायचं? आणि वन्सं हावरट आहेत का?

अगं, आधी ती डबी खाली ठेव. मग बोलू.

पॅरिसला फोबूर सँ-आंत्वान म्हणून भाग आहे, तीन-चारशे वर्षांपासून सुतारांचा. तिथे जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी सहा वर्षं हिशेब बघायचे. बिलं, इन्शुरन्सचे कागद, आणि फोनवर रडणारी गिऱ्हाइकं. म्हणजे हाताने मी यातलं काही केलेलं नाही, खिळासुद्धा ठोकला नाही, पण टेबल त्यांच्याच मध्ये होतं त्यामुळे बघून बघून बरंच कळलं. आणि तुझ्यासारखे फोन आठवड्याला एक तरी यायचे. फक्त पितांबरीच्या जागी कोणी व्हिनेगर, कोणी टूथपेस्ट, एकाने तर कोका-कोला लावला होता. तेव्हा फार मनाला लावून घेऊ नको.

काळं म्हणजे घाण, घाण म्हणजे घासा, हे आपल्या हातातच बसलंय ना. दिवाळीच्या आधी सगळी तांब्यापितळेची भांडी खाली काढून चिंच लावून घासायची, घासलं की आतून नवं तांबं वर येतं, आणि कितीही वर्षं घासलं तरी आत तांबंच असतं. तो हिशोब इथे चालत नाही कारण इथे आत ब्राँझ आहे आणि वर सोन्याचा थर, काही मायक्रॉनचा, केसापेक्षाही कितीतरी पातळ. घासलं की सोनं फडक्यावर येतं आणि खालचा पिवळा धातू उघडा पडतो. तो पहिल्या दिवशी सुंदर दिसतो, अगदी समईसारखा, तू म्हणतेस तसाच. दोन-चार महिन्यांत समईसारखाच काळा पण पडतो. सोनं स्वतः कधीच काळं पडत नाही बघ, तुझ्या मंगळसूत्राच्या वाट्या काळ्या पडल्यात का कधी? कडीवर जे काळं होतं ते मेणबत्तीची काजळी, शेकोटीचा धूर, धुळीत मुरलेलं पॉलिशचं मेण, आणि थोडं खालच्या ब्राँझमधून बारीक छिद्रांतून वर आलेलं. सोनं त्याच्या खाली शाबूत होतं. सासूबाई दर शनिवारी मेणाचं फडकं फिरवायच्या असं तू लिहिलंयस, म्हणजे त्या काळ्यात अर्ध्याहून जास्त सासूबाईच आहेत.

हे सोनं चढवायचे कसे ते एकदा ऐक, मग तुझा हात आपोआप थांबेल. इंग्रज लोक याला ऑर्मोलू म्हणतात, तो शब्दच फ्रेंचमधल्या 'कुटलेलं सोनं' यावरून आलाय. स्वतः फ्रेंच मात्र साधं ब्राँझ दोरे म्हणतात, मुलामा दिलेलं ब्राँझ. आधी वाळूच्या साच्यात ओतून पान किंवा कडी बनवायची. ती निघते ओबडधोबड, मग कोरणारा माणूस छिन्नीने एकेक शीर, एकेक पाकळी उठवत बसायचा, यातच कितीतरी दिवस जायचे. मग सोन्याची पावडर आणि त्याच्या कितीतरी पट पारा गरम करून एकत्र करायचा, चामड्यातून पिळून जास्तीचा पारा काढायचा, उरतो तो लोण्यासारखा गोळा. पाऱ्याचं आम्लातलं पाणी लावून ब्राँझ आधी पांढरंफटक करून घ्यायचं म्हणजे गोळा धरतो, मग पितळी तारांच्या ब्रशने तो लोण्यासारखा फासायचा आणि कोळशाच्या शेगडीवर धरायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं ब्राँझला चिकटून बसतं. निघतं तेव्हा मळकट पिवळं दिसतं, चमक नंतर येते: जिथे उजेड खेळायला हवा तिथे अगेटच्या दगडाने घोटायचं, बाकीचं मुद्दाम मंद, मॅट ठेवायचं. चकचकीत आणि मंद शेजारी शेजारी, त्यातून ते पान जिवंत वाटतं. पिएर गुतिएर नावाचा कारागीर या मंद मुलाम्यासाठी इतका नावाजलेला होता की आजही म्युझियमवाले त्याच्या कड्यांसमोर उभं राहून कुजबुजत बोलतात. तू घासलंस ना, की सगळं एकसारखं चकचकीत होतं, तो खेळच संपतो.

आणि तो पारा जायचा कुठे? शेगडीसमोर बसलेल्या माणसाच्या छातीत. हात थरथरायला लागायचे, दात पडायचे, जीभ अडखळायची, बरेच जण तरुणपणीच संपायचे. हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी राजाला कपाटं हवी होती. आंत्वान-आंद्रे रावरियो नावाचा पॅरिसचा एक मोठा ब्राँझवाला होता, नेपोलियनच्या काळातला. तो 1814ला वारला तेव्हा मृत्युपत्रात 3000 फ्रँकचं बक्षीस ठेवून गेला, मुलामा देणाऱ्यांना या विषापासून कसं वाचवायचं हे जो शोधेल त्याला. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने वाफ बाहेर ओढून नेणारं धुराडं बनवलं आणि ते बक्षीस 1818ला त्याला मिळालं. मला या सगळ्या सोनेरी दुनियेत हा एक माणूस फार आवडतो. आयुष्यभर त्याच धंद्यावर श्रीमंत झाला हे खरंच, पण निदान जाताना तरी त्याला ते हात दिसले.

आता तुझ्या फोटोंकडे येते. तू सहा फोटो पाठवलेस, त्यातला सगळ्यात कामाचा तुला वाटला नसेल तो: कडीची मागची बाजू. आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती करणारी जी बाई होती ती कुठलीही कडी हातात आली की पुढून बघायचीच नाही, आधी उलटी करायची. पाऱ्याच्या मुलाम्यात मागे सोनं लावत नसत, कोण बघणार मागे आणि सोनं काय फुकट होतं का! त्यामुळे मागची बाजू तपकिरी, खरबरीत, आणि कडेला कुठेतरी पुढून ओघळून आलेलं सोनं, जणू भाकरीच्या कडेला लागलेलं पीठ. तुझ्या कडीची मागची बाजू मात्र सगळीकडे सारखी सोनेरी आहे, गुळगुळीत, पातळ. तिथे तर तू पितांबरी लावलेली दिसत नाही. म्हणजे कडी सोन्याच्या द्रावणात बुडवून विजेने मुलामा दिलाय, आणि ती पद्धत 1840च्या सुमाराला आली. स्क्रू पण सगळे एकसारखे, टोकदार, मशीनवर बनलेले. जुने हाताने घासलेले स्क्रू एकाला एक लागत नाहीत, त्यांची डोक्यावरची खाच पण बरेचदा मधोमध नसते.

म्हणजे निदान या कड्या तरी पंधराव्या लुईच्या नाहीत, तो 1774ला गेला. फोटोवरून सांगतेय हं, आणि कड्या नंतर बदललेल्या पण असतात. म्हणून खण बाहेर काढ आणि पुढच्या फळीची आतली बाजू टॉर्च मारून बघ: बुजवलेली जुनी भोकं आहेत का? असली तर कपाट कड्यांपेक्षा जुनं असू शकतं. कडीच्या खालचं लाकूड बघ, जुन्या कडीच्या आकाराची वेगळी सावली उमटलीय का. खणाच्या कोपऱ्यात लाकडं एकमेकांत अडकवलीयत ते दात हाताने कापलेले असतील तर थोडे वेडेवाकडे असतात. एका फोटोत उजव्या पायाजवळ वरचं लाकूड उडालंय, तिथे त्या थराची जाडी दिसते, मला ती अगदी पोस्टकार्डाइतकी वाटली. लुईच्या काळात हा थर करवतीने हाताने कापत, तो बराच जाड असायचा, इतका पातळ थर मशीनचा. आणि हो, खणात कुठे जुना पिवळा कागद चिकटलेला असेल तर खरवडून काढू नको! तुमच्याच ग्रेनोबलमध्ये हाश नावाचं घराणं 18व्या शतकात फर्निचर बनवायचं, ते आपली छापील लेबलं चिकटवत असत. तुझ्या कमोडवर ते असेल असं नाही म्हणत, पण लोक असले कागद "घाण" म्हणून ओल्या फडक्याने पुसून टाकतात आणि नंतर मला फोन करतात.

शिक्का शोधायचा असेल तर संगमरवराखाली, पुढच्या खांबांच्या डोक्यावर बघायचा. पॅरिसच्या सुतारसंघाने 1743च्या नियमांत प्रत्येक उस्तादाने नावाचा शिक्का मारायचा असं घातलं, 1751पासून ते नीट पाळलं जायला लागलं आणि फ्रेंच राज्यक्रांतीत 1791ला संघच बंद झाले. पण शिक्का आहे म्हणजे खरं आणि नाही म्हणजे खोटं असं समीकरण करू नको. राजाकडे कामाला असणाऱ्यांना शिक्क्याची सक्ती नव्हती, दुरुस्ती करणाऱ्यानेही कधी आपला शिक्का मारून ठेवलेला असतो, आणि खोटा शिक्का बनवणं हे तर सगळ्यात सोपं काम. ब्राँझवर पण कधीकधी एक छोटासा मुकुट आणि खाली सी असं अक्षर सापडतं, ती तांबं असलेल्या धातूंवरच्या कराची खूण, फक्त 1745 ते 1749 एवढीच चार वर्षं मारली जायची. त्या वेळी बाजारात असलेल्या जुन्या मालावरही मारायचे, पण तरी तारीख सांगणारी एवढी नेमकी खूण दुसरी नाही. भिंगाने बघून घे, खर्च काही नाही.

एक गंमत सांगते, विषयाला थोडं सोडून आहे. त्या काळात कपाट बनवणाऱ्याला ब्राँझ ओतायची परवानगीच नव्हती. लाकूड सुतारसंघाचं, ओतकाम दुसऱ्या संघाचं, मुलामा तिसऱ्याचा, एकाने दुसऱ्याच्या कामात हात घातला की खटला. शार्ल क्रेसाँ नावाचा एक उस्ताद होता, मुळात शिल्पकार, त्याला आपली ब्राँझं दुसऱ्याकडून करून घेणं सहन व्हायचं नाही, स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये ओतायचा. संघवाल्यांनी त्याच्यावर परत परत खटले भरले. दंड भरला आणि परत ओतली! म्हणजे तुझ्यासमोर जे एक कपाट दिसतंय त्याच्या मागे असे चार-पाच जण आणि त्यांची भांडणं आहेत, घरातल्या भांडणाचं म्हणून जास्त वाईट वाटून घेऊ नको.

बरं, वर्सायची गोष्ट. क्रांतीत राजवाड्यातलं सामान खरंच लिलावात गेलं, ऑगस्ट 1793पासून जवळजवळ वर्षभर, 17000च्या वर लॉट. तेव्हापासून फ्रान्समधल्या प्रत्येक दुसऱ्या घरात वर्सायहून आलेलं काहीतरी असतंच, आपल्याकडे प्रत्येक वाड्यात पेशव्यांच्या काळातली तलवार असते तसं. वन्सं खोटं बोलत नसतील, त्यांनी लहानपणापासून जे ऐकलं ते सांगतायत. आणि तज्ज्ञसुद्धा फसतात, 2016ला उघड झालं की वर्सायच्या राजवाड्यानेच 18व्या शतकातल्या म्हणून घेतलेल्या काही खुर्च्या चक्क आजकाल बनवलेल्या होत्या. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, त्यात राजवाडेही आले.

पण त्या व्यापाऱ्याच्या "नकली"ला पण मी मान्य करत नाही. नकली म्हणजे फसवायला बनवलेलं. 19व्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये लुईच्या थाटाचं फर्निचर उघडपणे, अभिमानाने आणि कधीकधी लुईच्या काळापेक्षाही जास्त सफाईने बनायचं. फ्रान्स्वा लिंके हा त्यातला मोठा. बोहेमियातून आलेला सुतार, 1900च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या प्रचंड मोठ्या टेबलाला सुवर्णपदक मिळालं, आज त्याची सही असलेल्या वस्तू भल्या मोठ्या किमतीला जातात. तेव्हा तुझं कपाट साधारण 1880 ते 1920मधलं, कुठल्यातरी चांगल्या पण नाव नसलेल्या वर्कशॉपचं असावं असा माझा अंदाज. फ्रेंच कायद्यात यासाठी एक फार कामाचा शब्द आहे. 1981च्या एका हुकमानुसार विकणाऱ्याने कागदावर 'पंधराव्या लुईच्या काळाचं' लिहिलं तर ते त्याच काळातलं असल्याची हमी देतो, आणि 'पंधराव्या लुईच्या स्टाइलचं' लिहिलं तर तशी कुठलीच हमी नाही. एपॉक (काळ) की स्तील (स्टाइल), एवढा एक शब्द बघायचा. तुझ्याचसारखं, पुण्या-मुंबईत जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारातून नाहीतर इन्स्टावरून "फ्रेंच अँटिक" घेणाऱ्यांनी पण विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारून बिलावर लिहून मागावं, उत्तर द्यायला जो लाजेल त्याचं फर्निचर बहुतेक इजिप्तमधल्या दमिएत्ताहून मागच्या वर्षी आलेलं. त्यात वाईट काही नाही, तिथले कारागीर फार छान काम करतात, फक्त किंमत त्याच वर्षाची द्यावी.

पैशाचं सांगायचं तर लाख विसर आणि 900 पण विसर. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे नक्षीदार जुनं फर्निचर फॅशनमधून गेलंय, लोकांना लहान फ्लॅट, पांढऱ्या भिंती, घडीचं टेबल हवं. अगदी वरच्या दर्जाच्या वस्तूंना तरीही वेड्यासारखे पैसे मिळतात, मधल्यांचा भाव मात्र पार बसलाय. सही नसलेल्या, 1900च्या आसपासच्या कमोडला काही शे ते फार तर दोन-अडीच हजार युरो, हा आपला माझा अंदाज. म्हणजे व्यापाऱ्याचे 900 अगदी लूट पण नव्हती कदाचित, पण दारात आलेल्या, रोख देणाऱ्या आणि आजच नेणाऱ्या माणसाला कधीही काहीही द्यायचं नाही, मग तो साताऱ्यात भांड्यांच्या बदल्यात पैठणी मागणारा असो की ग्रेनोबलला व्हॅन घेऊन आलेला. शहरातल्या लिलाववाल्यांकडे जा, फ्रान्समध्ये त्यांना कॉमिसेर-प्रीझर म्हणतात, बरेच जण फोटोवरून किंवा ठरलेल्या दिवशी फुकट अंदाज देतात. दोघांकडून घे. आणि विकायचं झालं तर विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात, ते आधी विचार.

आता घरातलं. तुझ्या पत्रात एक गोष्ट तू गृहीतच धरलीयस, की सासूबाई बोलल्या म्हणजे कमोड तुझा झाला आणि वन्सं मध्येच येऊन हिस्सा मागतायत. बाई गं, फ्रान्समध्ये तोंडी शब्दावर नोतेर (वारसाहक्काचे कागद करणारा सरकारमान्य वकील) पुढे जात नाही. मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलेलं, तारीख घातलेलं, सही केलेलं असेल तर साध्या वहीच्या कागदावरचं सुद्धा चालतं, पण असं काहीच नसेल तर दोन्ही मुलांचा सारखा हक्क, चमच्यापासून कमोडपर्यंत. म्हणजे वन्सं अर्धं मागतायत ते हावरटपणाने नाही, ते त्यांचंच आहे. सासूबाईंचा शब्द खरा नव्हता असं मी म्हणत नाहीये, तो तुझ्याजवळ राहू दे. पण त्या शब्दाच्या जोरावर वन्संशी भांडलीस तर हरशील आणि वर नणंद पण जाईल.

आणि वेळेचं बघ. मृत्यूनंतर 6 महिन्यांत वारसाहक्काचं डिक्लेरेशन भरायचं असतं, तुमचे चार गेले. सामानाची रीतसर यादी केली नाही तर टॅक्सवाले बाकी मालमत्तेच्या 5 टक्के इतकं सामान गृहीत धरतात. घर मोठं आणि सामान साधं असेल तर यादी करूनच घेतलेली स्वस्त पडते, त्याच यादीत कमोडचा आकडा पण येईल आणि तो आकडा ना तुझा असेल ना वन्संचा. नोतेरना हे स्वतःहून विचार, बरेचदा ते आपणहून सांगत नाहीत.

त्या आकड्यानंतर रस्ते फारसे नाहीत. तुझ्या नवऱ्याच्या वाट्यात कमोड आणि वन्संच्या वाट्यात तेवढ्याच किमतीचं दुसरं काही, नाहीतर अर्धे पैसे. समज 1600 आले, तर 800 द्यायचे. एवढ्याशा रकमेसाठी आपण दोन महिने एकमेकींशी बोलत नव्हतो हे दोघींनाही तेव्हाच कळेल. विकायचा रस्ता पण वाईट नाही हं, मी काही प्रत्येक जुनी वस्तू छातीशी धरून बसणाऱ्यांतली नाही. घरात जागा नसेल, तुला ते सोनेरी प्रकरण मुळात आवडतच नसेल, तर विका, अर्धे अर्धे घ्या, सुटलात. पण तू पत्रात तीनदा लिहिलंयस की वरच्या खणात अजून सासूबाईंचे इस्त्री केलेले नॅपकिन तसेच आहेत आणि तुला ते काढवत नाहीत. विकायच्या वस्तूतले नॅपकिन लोक पहिल्या आठवड्यात काढतात. ठेव असं माझं मत, पण ते तुला "अस्सल" म्हणून नाही हं.

नवरा बाहेर निघून गेला त्याचं तू "सोनं गेलं म्हणून चिडला" असं लिहिलंयस. विचारलंस का त्याला? मला नाही वाटत. त्या कडीला त्याने लहानपणी कितीदा हात लावला असेल, चॉकलेट असायचं का खणात, काय असायचं, तूच विचार. सॉरी म्हण, कारणं नको देऊ, आणि पितांबरी काय असते, आपल्याकडे देव कसे घासतात, तू त्या कडीला देवासारखं घासलंस, हे मात्र त्याला सांग. त्याला हे माहीतच नसणार.

बाकीच्या कड्या घासायच्या नाहीत. सारखं दिसायची काही गरज नाही. घासलेली कडी आहे तशी परत लाव, परत मुलामा देऊन आणू नको, त्याचा खर्च कड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होईल आणि मग ती एकटीच नवीकोरी दिसेल, आहे त्याहून वाईट. ती आपली हळूहळू काळवंडेल. बाकीच्यांवरची धूळ मेकअपच्या मऊ, कोरड्या ब्रशने झटक, फडकं नको, ते पानांच्या टोकांना अडकतं आणि सुटलेलं लाकूड घेऊन येतं. पाणी नाही, लिंबू नाही, अमोनियावालं काही नाही. कडीला हात लावायच्या आधी ग्लोव्हज घाल, घामाचे डाग बसतात. कपाट हीटरपासून लांब आणि थेट उन्हात नको, तुमच्याकडच्या हिवाळ्यात हीटरसमोर ठेवलेलं लाकूड फेब्रुवारीपर्यंत पापडासारखं उचकटतं. सुटलेला तुकडा पडला तर फेविकॉल नको, पाकिटात घालून त्याच खणात ठेव.

आणि शिक्का बघायला संगमरवर उचलावा लागेल. तो एकटीने उचलू नको, आडवा धरून पण नेऊ नको, आडवा धरला की स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकतो. आधी कडेवर उभा करायचा, मग दोघांनी दोन बाजूंनी धरून भिंतीला टेकवायचा, खाली घोंगडं नाहीतर जुनी गोधडी. उलटा करून त्याची खालची बाजू पण बघा, जुन्या काळच्या दगडाची खालची बाजू छिन्नीने तासलेली ओबडधोबड असते, नंतरची करवतीने कापलेली सपाट. तर येत्या रविवारी वन्संना जेवायला बोलव, पोहे कर नाहीतर त्यांचं काहीतरी कर, आणि जेवणानंतर एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला वन्सं, टॉर्च तू धर.